मोरेश्वररावांचा शूल

मोरेश्वर आठल्यांच्या जवळ आता पाचच शब्द उरले होते. वसू, हो, नाही, अरे आणि बरं. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू परत आला, काठी धरून घरातल्या घरात फिरण्याइतका. बोलणं मात्र या पाच शब्दांपाशी येऊन थांबलं. त्यातही हो आणि नाही यांचा काही भरवसा नव्हता. चहा हवा का म्हटलं की "नाही" म्हणायचे आणि कपाला हात घालायचे. स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती की त्यांना समजतं बरंच, पण ओठांवर भलताच शब्द येतो. वसुधाताईंनी या पाच शब्दांवर संसार चालवायची सवय करून घेतली होती.

म्हणून त्या मंगळवारी जेवताना सहावा शब्द आला तेव्हा त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"शूल," मोरेश्वरराव म्हणाले.

"काय?"

"शूल." आणि त्यांनी चांगला हात पोटावर ठेवला.

वसुधाताईंनी चमचा खाली ठेवला. शूळ! पोटशूळ! जीभ जड झाल्यामुळे ळ उमटत नसणार, पण शब्द स्वच्छ होता. तरी त्यांना नवल वाटलं. हा माणूस आयुष्यात कधी शूळ म्हणाला नव्हता. पोटात दुखलं की "दुखतंय" म्हणायचे, नाहीतर नुसतेच गप्प पडून राहायचे. इतका पुस्तकी शब्द कुठून आला? पण मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातून काय वर येईल याचा नेम नाही, हे आता त्यांना ठाऊक झालं होतं. सांगलीतल्या घरात सासूबाईंच्या तोंडी असेल तो शब्द, लहानपणचा.

"कुठे दुखतंय? इथे? का इथे?"

"हो. शूल. हो."

त्यांनी वरणभाताचं ताट बाजूला सारलं आणि गाडीची किल्ली घेतली.

इमर्जन्सी रूममध्ये दुपारभर तपासण्या झाल्या. रक्त, ईसीजी, पोटाचा स्कॅन. वसुधाताईंनी जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलेलं, त्यामुळे रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी त्याच वाचत होत्या. सगळं नीट होतं. मग नर्सने चेहऱ्यांची पाटी आणली. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका. किती दुखतंय त्या चेहऱ्यावर बोट ठेवा, असं तिने सांगितलं. मोरेश्वररावांनी पाटी निरखून पाहिली आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. वर नर्सलाही समजावून सांगितलं, "शूल."

"हे काय म्हणतायत?" नर्सने विचारलं.

"भोसकल्यासारखं दुखतंय असं म्हणतायत," वसुधाताई म्हणाल्या.

नर्सने एकदा चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, आणि काहीतरी टाइप केलं.

संध्याकाळी तरुण डॉक्टरीणबाई आल्या. पोटात काहीच नाही, पण वजन बरंच उतरलंय, म्हणाल्या. जेवतात का नीट? वसुधाताईंना कानकोंडं झालं. त्या रोज ताजं करत होत्या. वरणभात तूप घालून, मऊ खिचडी, भाज्यांची सूपं. आणि गेले काही आठवडे मोरेश्वरराव चार घास खाऊन ताट ढकलत होते. मागच्या तपासणीला तर वजन चांगलं वाढलं होतं. त्यांना वाटायचं, आपल्याच हाताला आता चव राहिली नाही.

घरी आल्यावर त्यांच्या डोक्यात एक आलं. मागच्या महिन्यापर्यंत आठवड्यातून तीन दुपारी त्यांच्याकडे ओयुना येत होती. ओयुना मंगोलियाची, पन्नाशीची, रुंद चेहऱ्याची आणि दणकट मनगटांची बाई. ती मोरेश्वररावांना चालवायची, अंघोळ घालायची, त्यांच्याजवळ बसायची. तेवढ्या वेळात वसुधाताई स्वतःच्या गुडघ्याच्या व्यायामाला जायच्या, भाजी आणायच्या, भजनाच्या बायकांत तासभर बसायच्या. ओयुनाचा मुलगा डेन्व्हरला होता, त्याला बाळ झालं म्हणून ती कायमची तिकडे गेली. तिच्या वेळीही यांचं पोट दुखायचं का, हे तिला विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. ओयुनाच्या मांडीवर नातू होता. दोघी इंग्रजीतच बोलायच्या. ओयुनाचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण अडायचं नाही.

"मॅडम! मिस्टर मोरे कसे?"

वसुधाताई सांगायला लागणार, तोच शेजारच्या खुर्चीतून मोरेश्वररावांनी मान लांब करून फोनकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दिवा लागावा तसा उजळला.

"शूल!" ते ओरडले. "अरे! शूल!"

ओयुना खळखळून हसली. "शूल! हो, हो, शूल! आठवण आहे त्यांना!"

"तुला माहितीय शूल?" वसुधाताईंना काही उमगेना. "कधीपासून दुखतंय त्यांना?"

"दुखत नाही, मॅडम. शूल म्हणजे सूप. आमच्या भाषेत सूप. गुरिलताई शूल, नूडल असलेलं. मी जेवायला आणायची ना, थर्मासमध्ये..." आणि बोलता बोलता ओयुनाचं हसू मावळलं. बाळाच्या अंगावरचं दुपटं तिने उगाचच सारखं केलं.

"कसलं सूप?" वसुधाताईंनी विचारलं. विचारतानाच त्यांना कळलं होतं.

"मेंढीचं मांस, मॅडम," ओयुना हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

आठल्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. केकसुद्धा बिनअंड्याचा. आणि यात वसुधाताईंपेक्षा मोरेश्वररावच कडक. नवीन नवीन अमेरिकेत आले तेव्हा ओहायोत पुलांच्या कामावर होते. बरोबरीचे इंजिनिअर दुपारी बर्गर खायचे आणि हे पोळी-भाजीचा डबा उघडून बसायचे. बीन्सच्या डब्यात डुकराची चरबी असते हे कळलं त्या दिवशी त्यांनी घरातला अख्खा कप्पा रिकामा केला होता. चीजच्या पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे, त्यात वासराच्या जठरातलं काही नाही ना म्हणून. चारुताच्या, त्यांच्या मुलीच्या, लग्नात हॉटेलवाल्याने चुकून चिकनचा ट्रे आणला, तर स्वतः उठून तो परत पाठवला होता. असा हा माणूस. आणि वर्षभर आठवड्यातून तीनदा, याच टेबलाशी बसून मेंढी खात होता?

"त्यांना तू सांगितलं होतंस? हे मांस आहे म्हणून?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. मी माझं जेवत होते. ते बघत होते. मी म्हटलं, मांस आहे, तुम्ही नाही खात. त्यांनी हात पुढे केला. मी पुन्हा सांगितलं. मेंढीसारखा आवाज करून दाखवला, बेंऽऽ. ते हसले. मग मी दिलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

ओयुनाने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "त्यांनी असं केलं. मला वाटलं, नवराबायकोची गंमत. नंतर मला भीती वाटली, काम जाईल. सॉरी, मॅडम. खूप सॉरी."

आता वसुधाताईंना आठवलं. त्या घरी परतायच्या तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असायची. बाहेर बर्फ असलं तरी. ओयुनाला म्हणे उकडायचं.

त्यांनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. मोरेश्वरराव काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे अजून आशेने बघत होते.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस वसुधाताई घरात वावरत होत्या, पण मन थाऱ्यावर नव्हतं. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे ठरेना. ओयुनावर? तिने तर बेंऽऽ करून दाखवलं होतं. नवऱ्यावर? पण कुठल्या नवऱ्यावर? ट्रे परत पाठवणारा तो एक आणि ओठांवर बोट ठेवणारा हा एक. झटक्याने माणूस बदलतो असं त्यांनी वाचलं होतं. शांत माणसं तापट होतात, गोड न खाणारे साखर मागतात. मग हे त्यातलंच असेल. पण मग ओठांवर बोट का? ज्याला आपण काय खातोय याचं भान नाही, तो लपवेल कशाला? आणि भान असेल तर, तर मग काय? विचार इथे आला की पुढे जाईना. त्या उठून भांडी विसळायच्या, ती आधीच विसळलेली असायची.

चारुताला त्यांनी फोनवर सांगितलं. ती टेक्ससमध्ये, अर्विंगला राहते.

"आई, सो व्हॉट?" चारुता म्हणाली. "बाबांचं वेट कमी होतंय, त्यांना एक गोष्ट खावीशी वाटतेय, तर खाऊ देत ना. यू आर ओव्हरथिंकिंग. ऑर्डर करू का मी? तिकडे तुमच्या जवळ आर्लिंग्टनला मंगोलियन लोक खूप आहेत, रेस्टॉरंट असेल."

तिने बोलता बोलताच शोधलं. रेस्टॉरंट होतं, पण आठल्यांच्या घरापर्यंत, हर्नडनला, ते डिलिव्हरी करत नव्हते. आणि तेवढ्या ट्रॅफिकमधून ड्राइव्ह करणं वसुधाताईंनी केव्हाच सोडलं होतं.

"तुझे बाबा आधी कधी खायचे का गं?" त्यांनी एकदम विचारलं. "तू लहान असताना, मी कामावर असताना वगैरे? तुला घेऊन कुठे जायचे?"

"बाबा? काहीतरीच काय! माझ्या टीचरला त्यांनी जेलो जनावरांच्या हाडांपासून करतात यावर लेक्चर दिलं होतं. आय वॉन्टेड टू डाय." मग ती जरा थांबली. "पण आई, मला तरी काय माहिती?"

शनिवारी सकाळी मोरेश्वररावांनी उपम्याची बशी ढकलली आणि म्हणाले, "वसू. शूल." मागितल्यासारखं नाही. जुन्या मित्राबद्दल सहज विचारावं तसं. वसुधाताई उठल्या आणि पायात बूट घातले.

हलाल मांसाचं दुकान त्यांच्या भाजीच्या दुकानाला लागूनच होतं. किती वर्षं त्या त्याच्या दारावरून श्वास रोखून पुढे जात आल्या होत्या. आत काउंटरमागे पांढरा एप्रन घातलेला दाढीवाला तरुण होता.

"जी, आंटी?"

"लँब," त्या म्हणाल्या. पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.

"कौनसा पीस? लेग, शोल्डर, चाँप? कढाई बनानी है के क़ोरमा?"

"सूप."

"अच्छा, यख़नी! तो हड्डी के साथ दूँ?"

यख़नी म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं. "शोल्डर," त्यांनी ओयुनाने मेसेजमध्ये लिहिलेलं घोकल्यासारखं सांगितलं. "बगैर हड्डी. चरबी रहने दो."

"आंटी को पता है," तो कौतुकाने म्हणाला. वसुधाताईंना आपण कुणाची तरी फसवणूक करतोय असं वाटलं. नक्की कुणाची, ते मात्र कळेना.

स्वयंपाकघरात ते शिजवायचं नाही, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं. पॅन्ट्रीतल्या फळीवर देव होते. गराजमध्ये एक जुनी इलेक्ट्रिक शेगडी होती, दिवाळीत घरात तळणाचा वास नको म्हणून त्यावर चकल्या तळायच्या. तिच्यावर नवं पातेलं ठेवलं. लॅबमधले असायचे तसले हातमोजे घातले. फोन रंगाच्या डब्याला टेकवला. त्यात ओयुना आणि तिचा नातू.

"पातळ कापा, मॅडम. करंगळीएवढे तुकडे. आणखी पातळ."

जन्मभर त्यांनी माणसांचं रक्त हाताळलं होतं, ऑपरेशनमधून आलेले तुकडे बरण्यांत पाहिले होते, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. हे थंड, लालसर, मऊ मांस सुरीखाली सरकलं तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी कापता येत नाही म्हणून पुन्हा उघडले.

पीठ भिजवायची वेळ आली तेव्हा जीव जरा भांड्यात पडला. मैदा, पाणी, चिमूटभर मीठ. घट्ट मळायचं, झाकून ठेवायचं, मोठी पातळ पोळी लाटायची. हे त्यांच्या हातातलं होतं. पोळपाट-लाटणंही घरचंच आणलं होतं, मग लक्षात आलं की ते इथे आणायला नको होतं. पण आता आणलं होतं. ओयुनाने ती पोळी तव्यावर नुसती वाळण्यापुरती शेकायला सांगितली, मग घडी घालून बारीक पट्ट्या कापायला.

"हे तर आमच्या चकोल्यांसारखं आहे," वसुधाताई म्हणाल्या. "वरणात सोडतो आम्ही."

"हो? त्यात मांस कुठलं?"

"मांस नसतं."

"अच्छा," ओयुना म्हणाली. तिला वाईट वाटल्यासारखं दिसलं.

तेलात कांदा, मग मांस. वास उठला आणि वसुधाताईंनी गराजचं मोठं दार बटण दाबून वर केलं. समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करत होता, त्याने हात हलवला. त्यांनीही उलथनं हलवलं. मांसाचा रंग पालटला तसा त्यांचा हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे गेला आणि हळदीचा चमचा भरला.

"ते पिवळं काय? नको, नको!" ओयुना ओरडली. "फक्त मीठ."

"फक्त मीठ? मिरं? आलं तरी?"

"माझी आई फक्त मीठ घालायची. मी कधी कधी मिरं घालते. माझा मुलगा सोया सॉस घालतो, मी रागावते. आता पाणी, मॅडम. गाजर, बटाटा. उकळलं की नूडल."

"किती पाणी?"

ओयुनाने विचार केला. "पुरेल इतकं."

पातेल्यात ते रटरटायला लागलं. वर चरबीचे गोल गोल तवंग आले. हे बरोबर झालंय की बिघडलंय हे कळायला वसुधाताईंना काहीच मार्ग नव्हता. नैवेद्याचा सोडला तर जन्मात पहिल्यांदा त्या चव न घेता स्वयंपाक करत होत्या. शेवटी वरून कांद्याची पात टाकली, त्याचा तरी ओळखीचा वास आला.

त्यांनी बाऊल भरून टेबलावर आणला, मोरेश्वररावांच्या गळ्याशी टॉवेल लावला, चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला.

"घ्या. शूल."

मोरेश्वररावांनी बाऊलमध्ये पाहिलं. वास घेतला. मग चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"अहो, शूल आहे! तुम्हीच मागितलंत ना?"

"नाही," ते म्हणाले.

वसुधाताईंना रडावं की हसावं कळेना. गुडघे ठणकत होते, केसांना वास लागला होता, आणि हा माणूस खिडकीबाहेर बघत होता. एरवी त्या त्यांना भरवून झालं की मग ओट्याशी उभ्या उभ्याच काहीतरी खायच्या. आज उभं राहायचं त्राण नव्हतं. त्यांनी सकाळचा उपमा बशीत घेतला, समोरची खुर्ची ओढली आणि धपकन बसल्या. मुकाट्याने खायला लागल्या.

तीन-चार घास खाल्ले असतील. समोरून सुर्रकन आवाज आला. मोरेश्वरराव खात होते. नूडल ओठांतून लोंबत होतं आणि ते लहान मुलासारखं आत ओढून घेत होते. मग मांसाचा तुकडा. सावकाश चावला. डोळे अर्धवट मिटले. बाऊल संपला आणि त्यांनी तो पुढे केला.

सूप गार झाल्यावर खायचं होतं का त्यांना? का ओयुना समोर बसून जेवायची, तसं कुणी बसायला हवं होतं? वसुधाताई दुसरा बाऊल भरून आणेपर्यंत याचाच विचार करत होत्या. दुसरा बाऊल कडकडीत गरम होता आणि त्यांनी तोही खाल्ला. पण तेव्हाही त्या समोर बसल्या होत्या, त्यामुळे काहीच ठरलं नाही.

मग त्यांनी विचारलंच. "अहो, खरं सांगा. तुम्ही आधीही खायचात का? झटक्याच्या आधी?"

"हो," मोरेश्वरराव म्हणाले.

वसुधाताई पुढे झुकल्या. "कधी? ओहायोत?"

"हो."

"का लग्नाच्याही आधी?"

"हो."

"का कधीच नाही? ओयुनानेच पहिल्यांदा दिलं?"

"हो. बरं."

वसुधाताईंनी रिकामा बाऊल बाजूला सारला. "मी वसुधा आहे ना?"

"नाही," ते म्हणाले, आणि मग स्वतःच गोंधळून त्यांच्याकडे बघायला लागले. हात पुढे करून त्यांनी वसुधाताईंचं मनगट धरलं. "अरे. वसू. वसू."

"असू दे," त्या म्हणाल्या. "कळलं."

खरं तर काहीच कळलं नव्हतं. आणि आता ते कळणारही नव्हतं, कारण ज्याच्याकडे उत्तर होतं त्याच्याकडे शब्द नव्हते. पन्नास वर्षांच्या संसारात न विचारलेलं काय काय असेल, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. बरोबरच आणखी एक आला, की या माणसाने आपल्याला न विचारलेलंही बरंच असेल. उदाहरणार्थ काय, ते मात्र त्यांना लगेच आठवेना.

त्यानंतर दर शनिवारी गराजमध्ये शेगडी पेटायला लागली. दुकानातला तरुण विचारल्याशिवाय शोल्डर काढून ठेवू लागला. मोरेश्वररावांचं वजन थोडं वाढलं. वसुधाताई आपलं ताट घेऊन समोर बसायच्या, शनिवारीच नाही, रोजच. भजनाच्या बायकांना त्यांनी काही सांगितलं नाही. रत्ना नावाची मैत्रीण एकदा म्हणाली, "काकांची तब्येत सुधारली हं, काय देतेस?" तर त्या "सूप" म्हणाल्या आणि पुढचं भजन कुठलं म्हणून विचारलं.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी जेवताना मोरेश्वररावांनी निम्मा बाऊल संपवला आणि बाकीचा टेबलावरून वसुधाताईंच्या पुढ्यात सरकवला. वर चमचाही ठेवला.

"मी नाही खात, तुम्हाला माहितीय."

"बरं," ते म्हणाले. बाऊल मात्र परत घेतला नाही. तसेच बघत राहिले. त्या नजरेत थट्टा होती की आग्रह, की फक्त पोट भरल्याचं समाधान, हे वसुधाताईंना त्यांच्या धडधाकट दिवसांतही कधी नक्की सांगता आलं नसतं.

त्यांनी चमच्याने मांसाचे तुकडे कडेला सारले आणि एक नूडल उचललं. चकोली आहे, त्या मनाशी म्हणाल्या, मी लाटलेली. आणि तोंडात घातलं. मोरेश्वरराव हसले नाहीत. टॉवेलने ओठ पुसत बसले. आपण त्यांच्यासाठी खाल्लं की त्यांना यात काय सापडलं ते बघायला, असा प्रश्न वसुधाताईंना पडला. मग त्यांनी आणखी एक उचललं.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना हात क्षणभर अडखळला. लावला.

रात्री जेवणाआधी चारुताचा फोन आला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की आज बाबांच्या सूपमधलं चमचाभर मीही घेतलं.

"व्हॉट! आई!" चारुता किंचाळली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "कसं लागलं?"

वसुधाताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे चारुता वाट बघत होती.

"मीठ कमी होतं," त्या म्हणाल्या.